बरा झालेला मुलगा

अतिदक्षता विभागाबाहेर माझ्याशेजारी बाकावर एक आई बसली होती. कॉलेजातल्या ख्रिस्ती मुलांचा पास्टर धावतपळत आला आणि तिच्याशेजारी टेकला.

"डॉक्टर काय म्हणाले, ताई?"

"शुद्ध नाही अजून. गोळ्या फार घेतल्यात म्हणाले."

"माझा विश्वासच बसत नाही. देवाने माझी निराशा काढून घेतली, अशी साक्ष दिली होती त्याने प्रार्थनासभेत सगळ्यांपुढे."

"पहिल्यांदा दिली तेव्हा खरी होती ती."

"पहिल्यांदा म्हणजे?"

"नवीन मुलं आली की तुम्ही त्यालाच उभं करायचात ना."

"त्याचं ऐकून मुलांना धीर यायचा हो."

"मध्ये पुन्हा झोप उडाली त्याची. म्हटलं, पास्टरांना सांग. तर म्हणाला, आई, आता कोणत्या तोंडाने सांगू?"

"माझ्यापाशी चकार शब्द काढला नाही त्याने."

"कालही तुमच्याकडे साक्ष देऊनच घरी आला."

"हो. काल तर फारच छान बोलला. पोरं रडली."

"जेवला नाही. तसाच खोलीत गेला."

"ताई, आपण प्रार्थना करू या का?"

"करा. पण तो वाचला, तर त्याला पुन्हा उभं करू नका."