घाईचं घड्याळ

रंजिता : पितो का तुमचा भाऊ, एवढंच सांगा ताई. मी घरी न सांगता आलेय पडघ्याहून.

मेघाली : भूपेश? थेंबभरही नाही. तुला कोण म्हणालं?

रंजिता : त्या संध्याकाळी आम्ही तुमचं घर बघायला आलो होतो ना. माझे मामा शेतीचं विचारत होते आणि हे भिंतीला टेकून झोपले. घरी गेल्यावर मामा बोलले, नशा करतो, दुसरं काय. बाबांनी लगेच नकार कळवला. आता ऐकलं, काल्हेरच्या गोदामात शिडीवरून पडले. आई म्हणाली, बघ, वाचलीस.

मेघाली : आणि तुला काय वाटलं?

रंजिता : मला पटलं नाय. पहिल्यांदा ते आमच्याकडे आले होते ते सकाळचे. मी मेडिकलमध्ये काम करते, त्याबद्दल किती नीट विचारत होते. पिणारा माणूस असा नसतो. मामांना बघतच मोठी झालेय मी.

मेघाली : दिवे लागले की त्याचे डोळे मिटतात. लहानपणापासून. आणि पहाटे तीनला टक्क जागा. आमच्या बाबांचंही तेच. गोदामात रात्रपाळी दिली, नको म्हटलं तर काम जाणार. कशीबशी काढली काही दिवस. पडला तेव्हा शिडीवर उभ्या उभ्या झोपला होता.

रंजिता : आजार आहे का हा?

मेघाली : आजार म्हणवत नाही. मी कसलं काम करते, माहीत आहे तुला?

रंजिता : उंदरांचं कायतरी.

मेघाली : हो. प्रत्येक जिवाच्या अंगात एक घड्याळ असतं. कधी झोपायचं, कधी खायचं, ते ठरवतं. आईबापांकडून आलेली जनुकं ते चालवतात. आमच्या प्रयोगशाळेतल्या काही उंदरांत त्यातलं एक जनुक बदललेलं आहे. त्यांचं घड्याळ घाईचं, चोवीस तास व्हायच्या आतच त्यांचा दिवस संपतो. पिंजऱ्यात त्यांचं काही अडत नाही. खातात, पिल्लं घालतात. मग आम्ही त्यांना साध्या उंदरांबरोबर उघड्यावर सोडलं. चारी बाजूंनी भिंत, पण वर आभाळ. ऊन, थंडी, घुबडं, सगळं खरं.

रंजिता : मग?

मेघाली : बदलवाले जास्त मेले. उरले त्यांची पिल्लंही कमी. पिढीमागून पिढी तो बदल कमी होत गेला. नेमकं कशामुळे, ते आम्हाला अजून सांगता येत नाही.

रंजिता : म्हणजे माणसांतही तसंच, कुणी शिडीवरून पडला, कुणाचं लग्न मोडलं.

मेघाली : उंदरांचं सरळ माणसाला लावू नये गं. भूपेशचं रक्तही कुणी तपासलेलं नाही. पण माणसांतही असं घराण्यात चालत आलेलं सापडलंय.

रंजिता : मग पोरांतही येणार.

मेघाली : येऊ शकतं. एखाद्यात येईल, एखाद्यात नाही. माझ्यात नाही आलं.

(मेघालीची आई मैना परसातून वालाच्या शेंगा घेऊन येते आणि दोघींजवळ बसते.)

मैना : मघापासून ऐकते हाय मी. मी लगीन होऊन आली तवा सासूच बोलली, तुझा नवरा आळशी हाय, दिवा लागला का पडतो. मी बी रडली. मंग भाताची लावणी आली. गाव तोंड धुवायचा तवा ह्या मानसानं रोपं खणून, त्यांच्या मुठी बांधून ठेवलेल्या.

रंजिता : त्यांना कधी त्रास झाला नाय?

मैना : शेतात कसला तरास? दोन पोरं झाली, दोन्ही जगली. हळदीला, भजनाला मी एकलीच जायची. त्याचा राग यायचा. अजून येतो.

रंजिता : शेत किती राहिलंय आता?

मैना : खायापुरता. बाकीचा रोडला गेला.

मेघाली : पाय बरा झाला तरी रात्रपाळीला तो परत जाणार नाही. तुमच्या पडघ्यातच दुधाच्या टेम्पोवर विचारून ठेवलंय, पहाटेची ड्युटी. अजून त्यांनी हो म्हटलेलं नाही.

रंजिता : मेडिकल बंद करून मी घरी येईन तेव्हा ते झोपलेले असणार. रोज.

मेघाली : हो. रोज.

रंजिता : तुम्ही जरा गोड बोलला असतात तरी चाललं असतं.

मेघाली : मग लग्नानंतर तू मलाच बोल लावला असतास.

रंजिता : आता कसे आहेत?

मैना : आत पडलाय. प्लास्टर जड हाय. तू आल्याचा त्याला सांगितला न्हाय मी. उगाच आस लागंल.

रंजिता : तीनला उठून काय करतात ते?

मैना : काय करंल? चा करतो. आता कुबडी घेऊन करतो. मंग ओटीवर बसतो एकलाच, उजाडायची वाट बघत.

रंजिता : बाबांशी मी बोलते. मामांशी पण मीच बोलते. आणि काकी…

मैना : काय बाय?

रंजिता : मला चहात साखर कमी लागते. सांगून ठेवा त्यांना.