हिलशाची भेट

मी वैष्णव बाबाजी, नदीपलीकडच्या कीर्तनाला निघालो होतो. कलकत्त्याच्या घाटावर, कंपनीच्या एका साहेबाच्या दारी अर्जदारांची रांग आडवी आली. पुढं नावाडी गदाधर, हातात भला मोठा हिलसा. त्याच्यामागं म्हातारे अर्जलेखक दर्पनारायण.

“गदाधरा, मासा कुणाला रे?” दर्पनारायणांनी विचारलं.

“साहेबाला, काका. शिपायांनी माझी नाव ओढून नेलीय. रिकाम्या हातानं कशी मागू?”

“अरे वेड्या, विलायतेहून नवा कायदा आलाय. कंपनीच्या माणसानं आपल्याकडून भेट घ्यायची नाही.”

“काहीतरीच! देवालासुद्धा फूल लागतं. साहेब काय देवाहून मोठा?”

“घेतली तर दुप्पट दंड, वर जहाजात घालून घरी परत.”

“एका माशासाठी?”

“माशासाठीसुद्धा. चार जणांनी पाहिलं की संपलं.”

“इथं तर चाळीस आहेत!”

“मग? अरे, मासा डोक्यावर काय धरतोस?”

“साहेब! ओ साहेब! तुमच्यासाठी हिलसा आणलाय! सगळ्यांदेखत घ्या!”

खिडकीतून साहेबाचं लालबुंद तोंड बाहेर आलं.

“गप्प बैस! खाली कर तो मासा!”

“माझी नाव, साहेब. मिळेपर्यंत रोज भेट आणीन. उद्या दोन आणतो.”

“शिपाई! याची नाव सोडा, आत्ताच्या आत्ता! आणि तो मासा हलवा इथून!”

“बघितलंत, काका? पूर्वी घेतल्याशिवाय काम करत नसत. आता घ्यावं लागू नये म्हणून करतात! तुम्हांला लागू आहे का हो हा कायदा?”

“मी कुठला कंपनीचा? आण इकडे. कालवणात वाटून घालायला मोहरी घरात आहेच.”

“आणि बाबाजी, तुमच्या गळ्यात तुळशीची माळ, तुम्हांला मासा कसा देऊ? पण कीर्तन पलीकडंच ना? चला, बसा माझ्या नावेत.”