डबा कोणत्या फळीवरून पडला

प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या सासू-सुनेचं बोलणं ऐकता ऐकता, मुलाची वाट पाहणाऱ्या बाईंचं विणकाम केव्हाच थांबलं होतं.

“आई, मागच्या तोंडी परीक्षेत मी याच प्रश्नावर नापास झाले. वीज सोडली की हायड्रोजन ठरावीक रंगांचाच उजेड का देतो?”

“मला काय विचारतेस? वाच की!”

“वाचलंय हो. इलेक्ट्रॉन ठरावीक पातळ्यांवरच राहतो, वरून खाली आला की उजेड पडतो. पण त्या पातळ्या पाहिल्यात कुणी?”

“बघायला कशाला हव्यात? तुझे सासरे डबा पाडतात, तेव्हा कोणत्या फळीवरून पडला ते मी पाठमोरी सांगते ना?”

“आवाजावरून.”

“आणि आवाज ठरलेलेच का? डबा फळीवरच राहतो, मधे हवेत नाही, म्हणून!”

“अगंबाई! जेवढी उडी, तसा रंग! रंगांवरूनच फळ्या कळतात!”

“ऊठ आता, बोलावताहेत.”

थोड्या वेळाने सून हसतच बाहेर आली.

“पास! उत्तरात मी मामंजींना डबे पाडायला लावले. सर पोट धरधरून हसले.”

“त्यांना हसायला काय जातंय? डबे माझे चेपलेत.”