तीन नंबरची ओळ

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय बापूसाहेब, व्यासपीठावरचे डॉक्टर कमलाकांत, सत्कारमूर्ती शेषराव आणि त्यांच्या सौभाग्यवती सुंदराबाई, आमच्या लोकारोग्य मंडळाचे सभासद, आणि मंडपात दाटीवाटीनं बसलेल्या बंधुभगिनींनो,

आधी एक तक्रार. अमरावतीची शेवटची मोटर साडेसहाला सुटते, म्हणून मला पहिलं बोलू द्या अशी विनंती मी केली होती. शेषरावांनी कार्यक्रमपत्रिका काढली आणि माझ्या नावापुढच्या सातव्या क्रमांकावर बोट ठेवलं. निवृत्त होणाऱ्या कंपाउंडरनं मंडळाच्या सेक्रेटरीला असं बसवावं? पण ते मला याआधीही बसवून चुकले आहेत. तेच आज सांगतो.

त्रेपन्न साली मंडळ निघालं तेव्हा दवाखान्यात औषधं यायच्या आधी तत्त्वं आली. सात तत्त्वं ठरवायला आम्हाला अकरा बैठका लागल्या, आणि चिवडा किती लागला ते विचारू नका. तिसरं तत्त्व मी स्वतः लिहिलं. पाटी रंगवून आम्ही ती इतकी उंच टांगली, की ती फक्त पालींनाच वाचता यावी. शेषरावांनी पहिल्याच आठवड्यात ती खाली घेऊन डोळ्यांच्या उंचीवर लावली. आम्हाला वाटलं, माणूस हौशी आहे!

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. माणूस रांगेत उभा राहत नाही, बाटली उभी राहते. ओट्यावर आपापली बाटली मांडायची आणि निंबाखाली जाऊन बसायचं. पण बौद्धवाड्यातली बाटली पुढे दिसली, की कुणीतरी ती काठीनं मागे सारायचा. हो, काठीनं. हात लावायचा नाही ना! शेषराव स्वतः त्याच वाड्यातले. ते भांडले नाहीत. खडू घेऊन ओट्यावर बसले आणि बाटली टेकली रे टेकली, की तिच्यावर आकडा घालू लागले.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. रोडग्यांच्या पंगतीत मी जरा जास्तच हात मारला आणि सकाळी पोटानं दावा दाखल केला. मी गड्याबरोबर माझी निळी बाटली पाठवली. अख्खं गाव ती ओळखायचं. गड्यानं ती सवयीनं सगळ्यात पुढे ठेवली. शेषरावांनी ती उचलली, तिच्यावर एकोणीस लिहिलं आणि मनकर्णाबाईंच्या एरंडेलाच्या रिकाम्या बाटलीमागे ठेवली. मनकर्णाबाई त्यांच्याच वाड्यातल्या, खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या. माझं औषध घरी आलं दुपारी. मधल्या वेळात माझं काय झालं, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सभा बोलावली. ठराव एकच: उद्धटपणाबद्दल शेषरावांना कामावरून काढावं. आम्ही पाच जण, पाचही हात वर. तीन मुलींचा बाप, दुसरी नोकरी कुठून मिळणार, हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला. मीही काठीनंच सारला म्हणा.

शेषरावांना आत बोलावलं. ते आले ते बगलेत पाटी घेऊन. हातात रॉकेलची बाटली आणि एक फडकं. पाटी माझ्यापुढे ठेवून शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, मले काढाचं असंन त काढा. पन आंधी तीन नंबर वाचून द्या."

मी वाचलं. 'येथे येणाऱ्या प्रत्येकास आल्या क्रमाने औषध मिळेल. जात, श्रीमंती वा हुद्दा पाहिला जाणार नाही.'

त्यांनी फडकं रॉकेलात बुडवून माझ्यापुढे धरलं. "हे खोटं असंन त तुमच्याच हातानं पुसून टाका. मंग मी जातो."

ते फडकं घ्यायला पाचातला एकही हात पुढे झाला नाही. खोलीभर रॉकेलचा वास पसरला होता. मी ठरावाचा कागद फाडला आणि खोलीत फार उकडतं आहे असं काहीतरी बोलून बाहेर पडलो. माफी मागितली नाही. ती आज सगळ्यांसमोर मागतो. शेषराव, माझं चुकलं.

आणि अजून एक चुकलं. दर बुद्धजयंतीला शेषराव मला जेवायला बोलावत आले. दर वेळी मी कोर्टाची तारीख सांगत आलो. एकदा ते हळूच म्हणालेही, त्या दिवशी कोर्टाला सुट्टी असते. ज्यानं समतेची ओळ लिहिली, तो त्यांच्या घरचं पाणीही प्यायला नाही.

आत्ता बाहेर भोंगा वाजला तो तुम्ही ऐकला असेल. माझी मोटर गेली. शेषराव, तुम्ही खाली बघून हसताय, ते मला इथून दिसतंय!

अध्यक्षांनी घड्याळाकडे न बघता मला बोलू दिलं आणि तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. वकिली जिभेनं कुठं तोल सोडला असेल, तर मोठ्या मनानं सोडून द्या.

आणि सुंदराबाई, आज मी तुमच्याकडे जेवायला येतो आहे. पहिल्या पंगतीत जागा नसेल तर दुसऱ्या पंगतीला बसवा. मी थांबतो.