दीड तास मागे

महिपाल — गाडी गेली, वदिना! एजंट बारापर्यंत थांबला, मला पंधरा वेळा फोन लावला म्हणे, आणि बाकीच्या पाच पोरांना भरून हैदराबादला निघून गेला. मी बॅग घेऊन स्टँडवर पोचलो सव्वाला. चहावाला मला विचारतो, महिपाल, कुणाला सोडायला आलास?

स्वरूपा — अरे, मी कारखान्यात विड्या द्यायला गेले तेव्हा दहा वाजले होते. तू अंगणात खाटेवर घोरत होतास. अत्तम्मांना, तुझ्या आईला, बजावून गेले होते, साडेदहाला हलवा म्हणून.

पोशव्वा — हलवला की. कूस बदलून झोपला. काल संध्याकाळी ताडी कुणी ढोसली? मी?

महिपाल — दुबईला निघालेल्याला गाव ताडी पाजतंच, अम्मा. तुझ्या थोरल्याला, सायलूअन्नालाही पाजली होती. त्याची गाडी नाही चुकली.

पोशव्वा — हो. त्याची नाही चुकली.

महिपाल — विषय बदलू नको. डोळे उघडल्या उघडल्या मी ओरडून विचारलं, अम्मा, किती वाजले? तू आतून काय सांगितलंस?

पोशव्वा — दहा.

महिपाल — दहा! साडेअकरा वाजले होते साडेअकरा! तेव्हा कळलं असतं तर तोंड न धुता पळालो असतो, पोचलो असतो. आणि वर तू म्हणतेस, पुष्कळ वेळ आहे बाळा, अंघोळ कर, कालचा मटणाचा रस्सा गरम करते, बसून जेव.

स्वरूपा — आणि ऊन डोक्यावर आलेलं बघून तुला शंका नाही आली?

महिपाल — आली. पण अम्मानं सांगितलं होतं ना. आईनं सांगितलेली वेळ कुणी उन्हाला विचारून बघतं का?

पोशव्वा — फोनवर दहा होते. मला अक्षर येत नाही, आकडे येतात. एकावर शून्य, पुढे दोन शून्यं. तेच सांगितलं.

महिपाल — ते अन्नाच्या फोनवरचे, दुबईचे दहा! त्यात दीड तास मिळवायचा असतो. दोन वर्षं या घरात सगळे मिळवतात. तू तर रोज मिळवतेस. वदिनाला, तुझ्या सुनेला, कारखान्याची वेळ तूच सांगतेस, एक दिवस चुकली नाहीस.

पोशव्वा — आज मिळवायचं राहिलं. म्हातारी झाले.

स्वरूपा — तुझा फोन कुठे होता?

महिपाल — बंद पडला होता. कुठे चार्ज करू? घरात चालू प्लग एकच, पलंगाजवळचा. त्यावर दोन वर्षं अन्नाचा फोन ठाण मांडून बसलाय. रात्री त्याची वायर काढून माझ्या फोनला लावायला गेलो तर हिनं मनगट धरलं. म्हणे, त्याची बॅटरी गेलीय, वायर काढली की विझतो.

स्वरूपा — विझतोच. हल्ली करंट गेला तर दहा मिनिटं तग धरतो. त्याच्यापुढे नाही.

महिपाल — मग विझू दे! घड्याळ पाहिजे तर भिंतीवरचं आणून टांगतो. हे काय, मेलेल्याचा फोन उशाशी लावून झोपायचं, पहाटे त्याच्या गजरानं उठायचं! सगळं घर मेलेल्याच्या वेळेवर चालतंय, आणि जित्याची गाडी गेली.

पोशव्वा — मेलेला म्हणू नको.

महिपाल — मग काय म्हणू? कागदावर काय लिहिलंय? नैसर्गिक मृत्यू.

स्वरूपा — त्या कागदाचं नाव माझ्यापुढे काढू नको. एकतीस वर्षांचा माणूस दिवसभर उन्हात लोखंडी सळया बांधतो, संध्याकाळी दोनदा ओकतो, रात्री झोपतो आणि उठत नाही. आणि कुणी एक साहेब गार खोलीत बसून लिहितो, नैसर्गिक. निसर्गाचं काय घोडं मारलं होतं रे त्यांनी?

महिपाल — वदिना, मी सळया बांधायला नाही चाललो. गोदामात काम आहे. सावलीतलं.

स्वरूपा — तुझ्या अन्नाला ड्रायव्हर म्हणून नेलं होतं. गाडीत बसून करायचं काम. सावलीच सावली.

महिपाल — मग इथे काय करू, ते तरी सांगा! तुमच्या मांडीला मांडी लावून विड्या वळू? माझ्या वयाचे गावात उरलोय किती? एक मी आणि एक पायानं अधू राजेशम. मुलगी बघायला गेलो तर बाप विचारतो, पोरगा दुबईत कुठे असतो? नाही म्हटलं तर चहाची कपबशी पुढे येत नाही.

पोशव्वा — चहा मी करून देते.

महिपाल — बघ ना, काय बोलते ही! सर बाजूला, अम्मा. एजंटाला फोन लावायचाय. माझा चार्ज करतो.

पोशव्वा — शेजारी जा, सत्तव्वाकडे.

महिपाल — शेजारी का जाऊ? हे माझं पण घर आहे.

पोशव्वा — महिपाल, वायरला हात लावू नको. पाया पडते तुझ्या.

स्वरूपा — काढलीच ना शेवटी.

महिपाल — काढली. बघ. पडलं का छप्पर?

पोशव्वा — अजून उजेड आहे त्यात. लगेच लाव परत. महिपाल!

महिपाल — माझा तासभर लागू दे, मग लावतो.

स्वरूपा — राहू द्या, अत्तम्मा. त्याच्या अंगात आलंय. तू मात्र आता तासभर इथेच बस. चार्ज होतोय ना तुझा फोन? मग ऐक. तुझ्या अन्नाचा फोन तिथे कुठे असायचा, माहीत आहे तुला?

महिपाल — खिशात. आणखी कुठे असणार?

स्वरूपा — उशाशी. खोलीत बारा जण, एकावर एक लोखंडी पलंग. वायर पुरावी म्हणून त्यांनी प्लगजवळचा खालचा पलंग मागून घेतला होता. पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा ठेवायचे. रात्रभर वेळ दिसत राहायची. बारा जणांचं घड्याळ ते एकच. कुणालाही जाग आली की मान वळवून त्यांच्या उशाकडे बघायचा.

महिपाल — हे कुणी सांगितलं तुला?

स्वरूपा — त्यांच्या खोलीतला आर्मूरचा पोरगा आला नव्हता का भेटायला, तुम्ही सगळे बाहेर मांडवात बसला होता तेव्हा. मला एकटीला सांगून गेला, मी फक्त अत्तम्मांना सांगितलं. त्या पहाटे साडेतीनला गजर झाला. झाला तो थांबेचना. अकरा माणसं अंधारातून शिव्या घालत होती, अरे बंद कर, कानात बोळे घातलेस का, झोपू दे अजून दोन मिनिटं. आईवरून, बापावरून. कुणीतरी चप्पल फेकून मारली. ती लागली त्यांना. तरी हलेनात, तेव्हा त्या पोरानं वरच्या पलंगावरून उतरून हात लावला.

महिपाल — वदिना, पुरे.

स्वरूपा — पुरे कसं? तू चाललायस ना? साडेचारला कंपनीची बस आली. सगळे चढून गेले. एकालाही त्यांच्यापाशी थांबू दिलं नाही. आणि हजेरीवर त्यांच्या नावापुढे खाडा मांडला. मेलेल्या माणसाचा खाडा, महिपाल! मग सत्तेचाळीस दिवसांनी पेटी आली. उघडू नका म्हणाले. मी कुंकू पुसलं ते एका लाकडी फळीकडे बघून. सोबत प्लास्टिकची पिशवी होती, त्यात एक पट्टा, दाढीचं सामान आणि हा फोन. तेव्हा बॅटरी धड होती, वायर लावली तर चालू झाला. तिथलीच वेळ दाखवत होता. अत्तम्मा म्हणाल्या, हात लावू नका, अशीच राहू दे.

महिपाल — मला हे कुणीच सांगितलं नाही.

स्वरूपा — तुला काय सांगायचं? तू पासपोर्टच्या फोटोला टाय बांधून बसला होतास. इथे तो गजर होतो तेव्हा अत्तम्मा पहिल्याच ठोक्याला उठून बंद करतात. दोन वर्षांत एकदाही दुसरा ठोका पडू दिला नाही.

पोशव्वा — उगाच कुणाच्या शिव्या खाईल.

महिपाल — अम्मा...

पोशव्वा — जा. झाला असेल तुझा फोन. लाव त्या एजंटाला.

(महिपाल अंगणात जाऊन बोलून येतो. चुलीपाशी गाडीच्या चाकापुढे फोडायचा नारळ तसाच ठेवलेला आहे. पलंगावरचा फोन विझला आहे.)

महिपाल — गुरुवारी. खूप शिव्या घातल्या, पण तिकीट बदलून देतो म्हणाला. गुरुवारी बाराला, तीच गाडी.

पोशव्वा — आज कुठला वार?

महिपाल — रविवार.

पोशव्वा — म्हणजे चार दिवस.

महिपाल — अम्मा, माझ्याकडे बघ. खरं सांग. विसरली होतीस?

पोशव्वा — त्याच्याकडे साडेतीन होतात तेव्हा आपल्याकडे पाच वाजतात. दोन वर्षं झाली. एक दिवस तरी तुमचा चहा उशिरा झाला का?

महिपाल — म्हणजे मुद्दाम केलंस.

पोशव्वा — तुला नको म्हणून सांगितलं तेव्हा ऐकलं नाहीस. रडले तेव्हा ऐकलं नाहीस. जमीन नाही की तुला इथे बांधून ठेवू. बाप नाही की तुला दोन थोबाडीत देईल. माझ्याकडे काय होतं? दीड तास होता. तेवढा लावला.

स्वरूपा — अत्तम्मा, बसा. पाणी आणते.

पोशव्वा — त्याला म्हण ओरड.

महिपाल — काय ओरडू? दे इकडे तो फोन. लावतो परत.

स्वरूपा — आला. आला उजेड. अगं बाई, पण हे काय? बारा वाजून एक मिनिट. आणि खाली एक जानेवारी, साल तर भलतंच.

पोशव्वा — म्हणजे?

महिपाल — पूर्ण विझला की वेळ विसरतो तो. माझंच चुकलं, अम्मा. दहा मिनिटांत परत लावायला हवा होता.

पोशव्वा — त्याची वेळ गेली?

महिपाल — गेली म्हणजे, लावता येते ना. माझ्या फोनवर बघून आत्ता लावतो. रडू नको. हे बघ, आपल्याकडे साडेतीन झालेत. तिकडे दोन. सांग, अन्नाची लावू?

पोशव्वा — नको. आपली लाव.

स्वरूपा — आपली? अत्तम्मा, नक्की?

पोशव्वा — हा इथे आहे तोवर आपली. महिपाल, गुरुवारी जाताना तुझी, तिकडची लावून जा.