रोहिणीचं सोंग

नाय, बसा प्रीतमराव, उठू नका — जावई म्हणून आलाय, चहा घेतल्याबिगर कसं जाल. पण तो शब्द परत नका बोलू. सोंग. तुमची आई बोलली, तुमी बोललात, आता माझ्याच ओटीवर बसून परत बोलताय — ‘आमाला वाटलं, रोहिणी सोंग करते.’ सोंग म्हंजे काय, ठाव हाय तुमाला? मला इचारा. वीस वर्सं गावच्या जयंतीला व्हायच्या नाटकात मीच मरत आलो. कधी गोळी लागून, कधी इख पिऊन — पार लोधिवली गावची माणसं यायची बघाया. एकदा तर ही रोहिणीच, एवढीशी होती, रडत स्टेजवर चढली, बाबा उठा म्हणत. म्हणून सांगतो — सोंग करणारा पडताना आदी हात टेकतो. कितीबी कसलेला असू दे. गुडघा, मग हात, मग खांदा — तोंड वाचवतोच. मी पण वाचवायचो. माझी पोरगी तुमच्या नेरळच्या ब्लॉकमधी, मोरीच्या उंबऱ्यावर, सरळ तोंडावर पडली. पुढचे दोन दात गेले. आन् तुमची आई काय बोलली — पाहुणे आले की हिचं सुरू होतं. नाकाला चप्पल लावली तिच्या. लावली ना? खाली बघू नका, मी भांडत नाय. आन् पनवेलच्या डॉक्टरनं फीटच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या बंद कोणी केल्या? तुमी. का, तर गोळ्यांनी सुस्तावते, कामं ऱ्हातात.

आन् आता न्यायला आलात. का आलात ते पण कळतं मला. तुमच्या बहिणीचं, भाग्यश्रीचं लगीन हाय. मांडवात सून दिसली पायजे, नायतर लोकं इचारतील. दात बसवायचे, नवी साडी नेसवायची, फोटोपुरती उभी करायची — मग ह्याला काय म्हणायचं, सांगा की. ऱ्हाऊ दे.

बघायचंय तिला? झोपलीय ती. म्हंजे — तिनंच सांगितलं, बाबा, झोपलीय म्हणून सांगा. आत्तापर्यंत चांगली बसली होती, लसूण सोलत. तुमचा आवाज ऐकला आन् भिंतीकडं तोंड करून पडली. मी डोकावलो मगाशी. डोळे घट्ट मिटलेत, पण लसणाची पाकळी अजून मुठीतच हाय — जमत नाय तिला. जल्मात पयल्यांदा सोंग करतेय पोरगी, प्रीतमराव. तुमी जावं म्हणून करतेय.

निघा तुमी.