काम सुरू होण्याआधीचे बेचाळीस प्रश्न

...आणि वरून ती पोरगी विचारते, 'तुमचा सगळ्यात पहिला ग्राहक कोण?' आता तुम्हीच सांगा, हा काय प्रश्न झाला? मी वेबसाईट बनवायला गेलो होतो की चौकीत जबाब द्यायला? तुम्हाला सांगतो, तुमच्यापैकी ज्या कोणाच्या मनात वेबसाईट काढायचं येत असेल ना, त्यानं आधी माझ्याकडे बघावं, नीट बघावं, आणि मग ठरवावं. चार दिवस झाले, यावलच्या बाजारातून मी मान वर करून चाललेलो नाही. आणि लक्षात घ्या हां, काम अजून सुरूच झालेलं नाही!

मी भूपेंद्र फिरके. केळीचे वेफर्स. 'भूपेंद्र वेफर्स, यावल', पाहिलं असेल तुम्ही पाकीट, पाकिटावर माझाच फोटो आहे, डोळ्याला गॉगल, खांद्यावर शाल, एक हात असा वर केलेला, आता वेफर्सच्या पाकिटावर माणूस हात वर करून कोणाला आशीर्वाद देतोय हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्या पोरीनं तेही विचारलं.

तर मला काय वाटलं, वेबसाईट म्हणजे फ्लेक्सचा मोठा भाऊ! आमच्याकडे फ्लेक्स कसा होतो? दुकानात जायचं, फोटो द्यायचा, सांगायचं की मधे मी मोठा, डावीकडे आबा छोटे, खाली शुभेच्छुकांची नावं, कोणाचं राहिलं तर रुसवे होतील तेवढं बघ बाबा... चहा येतो, चहा संपेपर्यंत फ्लेक्स तयार, संध्याकाळी चौकात! म्हणून मी खिशात पेनड्राइव्ह टाकला, त्यात फोटो तीनशे बारा, आणि सकाळची बस धरली, चोपडा, शिरपूर, सोनगीर, धुळे. बायकोला सांगितलं, 'ज्योत्स्ना, रात्री जेवायला घरी आहे, येताना वेबसाईट घेऊनच येतो.' ती किसणी धूत होती, म्हणाली, 'पिशवी नेता का?'

धुळ्यात आग्रा रोडला लालचंदभाऊंचं दुकान आहे. सहा वर्षांपासून ते आमचे वेफर्स ठेवतात, त्यांचं बरंचसं गिऱ्हाईक जैन, बटाट्याला हात लावत नाही, केळीचे मात्र कितीही द्या. त्यांची मुलगी प्रियल, ती वेबसाईटी बनवते, दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचं ऑफिस. मी गेलो, पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला, म्हटलं, 'घे बेटा, करून टाक, साडेचारच्या बसनं निघतो.'

ती हसली. म्हणाली, 'काका, बसा. काम सुरू करण्याआधी आपल्याला थोडं बोलावं लागेल.'

थोडं! बेचाळीस प्रश्न! छापील! पहिलाच प्रश्न, 'तुम्हाला वेबसाईट कशासाठी हवी आहे?' मी म्हटलं, हितेंद्रची आहे म्हणून. हितेंद्र म्हणजे आमच्याच गावचा, ठिबकच्या नळ्या विकतो, माझा जुना दोस्त. तिनं काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल? 'तुमचे प्रतिस्पर्धी कोण?' हितेंद्र! 'का? तेही वेफर्स बनवतात?' नाही, पण त्याचा वाढदिवसाचा फ्लेक्स माझ्यापेक्षा दोन फूट मोठा होता. 'तुम्हाला कुठली वेबसाईट आवडते?' रेल्वेची. बाकी मी कुठली बघितलीय हो?

मग म्हणाली, 'तुमच्याबद्दलचा मजकूर आणलाय का?' म्हटलं, आणलाय तर! आपण काय बिनतयारीचे? कागद काढून दिला. आता खरं सांगतो, तुमच्यापासून काय लपवायचं, तो मजकूर मी एका दवाखान्याच्या वेबसाईटवरून उतरवून घेतला होता, भाषा चांगली होती म्हणून. ती मोठ्यानं वाचायला लागली, 'आमचे अनुभवी हात गेली बारा वर्षे आपल्या कुटुंबाच्या हास्यासाठी... वेदनारहित सेवा...' आणि थांबली. 'काका, वेफर्स... वेदनारहित?' दातांचा दवाखाना होता हो तो! मी वाचलंच नव्हतं शेवटपर्यंत! लालचंदभाऊ तेवढ्यात चहा घेऊन वर आलेले, तेही ऐकतायत. मला कुठं तोंड लपवू असं झालं. आणि हे सातव्या प्रश्नाला! काम अजून सुरूच झालेलं नाही!

त्यापुढं ती खऱ्या धंद्यावर आली. 'घड उतरवल्यापासून किती वेळात तळता?' मी म्हटलं... वेळेत. 'मिठाचं पाणी तेलात कधी सोडता?' म्हटलं... योग्य वेळी. 'तेल कुठलं?' उत्तम प्रतीचं. 'ग्राहक सगळ्यात जास्त तक्रार कशाची करतात?' अहो, तक्रार करणारा माझ्याकडे कधी येतच नाही, मी बहुतेक कार्यक्रमाला असतो! पोरीनं पेन खाली ठेवलं. आवाज अगदी मऊ. 'काका, ज्यांना हे सगळं माहीत आहे, त्यांना विचारूया का?'

आता इज्जतीचा प्रश्न होता ना! मी सांगितलं, 'थांब, माझ्या ऑफिसला फोन लावतो.' ऑफिसला! कुठलं ऑफिस? घरामागं पत्र्याची शेड आहे! पण तोंडातून गेलं. लावला फोन, आणि थाट म्हणून स्पीकरवर ठेवला. म्हटलं, 'हॅलो, ऑफिस?'

पलीकडून आवाज आला, 'कोनतं ऑफिस? मी बोलू राह्यली, ज्योत्स्ना! कढईत तेल तपेल हाये, काय शे ते लवकर बोला!'

लालचंदभाऊंनी कप खाली ठेवला. म्हणाले, 'अरे! ह्या तुमच्या मिसेस? सहा वर्षं मी मालासाठी फोन करतो तेव्हा ह्याच बोलतात. मला वाटायचं भूपेंद्रभाऊंनी फार हुशार मॅनेजर ठेवलीय. एकदा तर मी म्हणणार होतो, आमच्याकडे पाठवा तिला.'

मी हसलो. असं हसलो की माझं मलाच ऐकवेना. प्रियलनं फोन स्वतःकडे ओढला, 'काकू, नमस्कार...' आणि तुम्हाला सांगतो, जो प्रश्न येईल त्याचं उत्तर तयार! घड कधी? 'सकाळी उतरवला तं संध्याकाळच्या आत कढईत. दुसऱ्या दिवशी वेफर लाल पडतो.' मिठाचं पाणी? 'बुडबुडे कमी झाले की, आधी नही. आधी टाकलं तं नरम पडतो.' तक्रार? 'पाकीट लवकर फाटतं म्हनतात. मी यांना तीनदा सांगतलं, पाकीट बदला. ते म्हने, फोटो चांगला आलाय.' सगळं बरोबर होतं हो, एक शब्द खोटा नव्हता! मी टेबलावरची टाचणी उचलायचो, ठेवायचो, उचलायचो. पोरगी लिहितेय, लिहितेय, आणि मग आला तो सतरावा प्रश्न. 'काकू, तुमचा सगळ्यात पहिला ग्राहक कोण?'

फोनवर नुसता तेलाचा आवाज, चर्रर्र. मग ज्योत्स्ना म्हणाली, 'ते यांनाच विचारा. ते तिथंच होते.'

प्रियलनं माझ्याकडे बघितलं. लालचंदभाऊंनी बघितलं. मी म्हटलं, 'मला... आठवत नाही.'

आठवत नव्हतं का? लख्ख आठवत होतं! बारा वर्षं झाली, एक दिवस असा नाही की गावाबाहेरचा तो फाटा ओलांडताना आठवत नाही!

आता एवढं बोललोच आहे तर सांगूनच टाकतो. त्या साली जूनच्या वादळात आमची बाग आडवी झाली. घड हिरवेगार, पण पडलेल्या मालाला व्यापारी हात लावेना. मी ओट्यावर कपाळाला हात लावून बसलेलो, वर सोसायटीचा नवाकोरा संचालक! आणि ही बाई काय करते? लग्नात तिच्या वडिलांनी सोनगीरहून पितळेची कढई आणली होती, ती काढली, तीन विटा मांडल्या, आणि फाट्यावर, रस्त्याच्या कडेला, निंबाखाली वेफर्स तळायला बसली. फिरक्यांची सून रस्त्यावर! मी म्हटलं होतं, जाऊ नको. ती गेली. आणि त्याच दुपारी मी मोटरसायकलवर, मागं हितेंद्र बसलेला, आम्ही भुसावळकडून येतोय...

पुढचं मी नाही सांगितलं. माझं 'आठवत नाही' ऐकून तिनंच सांगितलं. स्पीकरवर. ना आवाज वाढवला, ना रडली, जसं मिठाच्या पाण्याचं सांगितलं तसंच. 'हितेंद्रभाऊ म्हने, वास चांगला येऊ राह्यला, थांब. यांनी गाडी थांबवली, पन बंद नही केली. हितेंद्रभाऊनं मले वळखलं नही, तोंडाले पदर बांधेल होता ना धुरापायी. यांनी वळखलं. पन हे शेताकडे पाहत बसले. भाऊनं विचारलं, कोन बाई आहे रे ही? हे म्हने, असेल कोनी. मी पाव किलो बांधून दिले. तं लिही बेटा, पहिला ग्राहक हितेंद्रभाऊ. आता ठेवते, घाना जळू राह्यला.'

असेल कोनी!

लाज वाटली हो. मला तेव्हाही वाटली होती, पण तेव्हा तिची वाटली होती. ह्यावेळी माझी वाटली. आणि दोन्हींत किती फरक असतो ते मला धुळ्यात, आग्रा रोडला, वरच्या मजल्यावर, परक्या माणसांसमोर कळलं. लालचंदभाऊ हळूच म्हणाले, 'गाडी तरी बंद करायची होती, भाऊ.' बास, एवढंच. आणि काम अजून सुरूच झालेलं नाही!

पोरगी भली. तिनं पेनड्राइव्ह लावला, म्हणाली फोटो बघू. बघा! सत्कार स्वीकारताना मी. नारळ घेताना मी. नारळ देताना मी. ट्रॅक्टरच्या पूजेला मी, ट्रॅक्टर माझा नाही. ती खाली सरकवतेय, सरकवतेय, तीनशे बारा! 'काकूंचा एकही नाही?' आहे ना, म्हटलं, असणारच! दोघांनी शोधलं. एका फोटोत सापडली. मला ओवाळताना. म्हणजे मी पूर्ण, ताट पूर्ण, आणि तिचं कोपर.

प्रियल म्हणाली, 'काका, मला दोन गोष्टी हव्यात, त्याशिवाय कामाला हात लावता येणार नाही. काकूंचा कढईजवळचा फोटो. आणि उरलेला फॉर्म त्यांच्या हातानं भरलेला.'

साडेचारची बस. सोनगीरला थांबली. खिडकीतून भांड्यांची दुकानं दिसली, पितळेची कढई टांगलेली होती एका दुकानात. शेजारचे म्हातारबाबा म्हणाले, 'भाऊ, तोंड काबर उतरनं? तब्येत बरी शे ना?' म्हटलं, बरी आहे बाबा, वेबसाईट बनवतोय. ते म्हणाले, 'मंग व्हईनच.' त्यांना काय कळलं होतं कोण जाणे!

दुसऱ्या दिवशी मी गेलो फाट्यावर. आता तिथं पक्की टपरी आहे, शेडसोबत तळण तिथंही चालतं. ज्योत्स्ना कढईवर, यशोदाबाई सोलायला, पुष्पाबाई पाकिटं भरायला, समोर पाचसात गिऱ्हाईक, आणि माझं नशीब बघा, त्यात हितेंद्र! मी मोटरसायकल थांबवली. बंद केली. किल्ली काढून खिशात ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. उतरलो. रांगेत उभा राहिलो. हितेंद्र म्हणाला, 'अरे, तू रांगेत?' मी म्हटलं, 'ही माझी बायको आहे.' तो म्हणाला, 'माहितीये की!' सगळ्यांना माहिती होतं हो, बारा वर्षांपासून! फक्त माझं सांगायचं राहिलं होतं. माझा नंबर आला. मी म्हटलं, 'ताई... नाही, ज्योत्स्ना... पाव किलो दे.' तिनं तोलले, बांधले, पुडा पुढं केला, आणि माझ्या नोटेकडे बघून म्हणाली, 'सुट्टे द्या.'

सुट्टे! तुम्हाला सांगतो, मी अख्ख्या रस्त्यानं भाषण पाठ करत आलो होतो. माफीचं. मी सुरू केलं, 'ज्योत्स्ना, तेव्हा मी...' ती म्हणाली, 'फोटो काढायचा ना? मंग काढा आधी.' काढला. मोबाइलमध्ये बघताना मला दिसलं, कढईच्या काठाशी तिच्या मनगटावर तेलाचे डाग आहेत, जुने, सात-आठ. मी कधी मोजले नव्हते.  

फॉर्म तिनं एका बैठकीत भरला. शेवटचा, बेचाळिसावा प्रश्न, 'तुमच्याकडे कोण काय काम करतं, एका ओळीत.' मी चोरून वाचलं. यशोदाबाई, सोलणं. पुष्पाबाई, पाकिटं भरणं. ज्योत्स्ना फिरके, बाकी सगळं. आणि सगळ्यात खाली, स्वच्छ अक्षरात, भूपेंद्र फिरके, गाडी चालवतात. आता बंदही करतात.

मी म्हटलं, 'हे असं लिहितात का कुठं?' ती म्हणाली, 'मंग खोडा.' पेन पुढं केलं. मी पेन घेतलं. टोपण काढलं, परत लावलं. खोडणार काय त्यातलं, सांगा ना?

तसाच पाठवला. काल प्रियलचा फोन आला. 'काका, फॉर्म फार छान आलाय, शेवटची ओळ अशीच ठेवू ना?' म्हटलं, ठेव बेटा. म्हणाली, 'मग आता तयारी झाली. सोमवारपासून आपण काम सुरू करू.'

सुरू करू! म्हणजे अजून काही निघायचं बाकी आहे?